अर्धनग्न मोर्चा तहसीलवर न्यायचा असेल तर

पन्नास कास्तकार उघड्या अंगानं चौकातून निघाले की दुकानदार गल्ला सोडून बाहेर येतात, ऑटो थांबतात, हातातले फोन वर होतात. लोकांची नजर मिळवायला अर्धनग्न मोर्च्याइतकं जलद दुसरं काही नाही. पण ही नजर जेमतेम मिनिटभर टिकते. तेवढ्यात ती अंगावरून मागणीवर गेली तर मोर्चा कामी आला. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी फोटो राहतो आणि मागणी कोणालाच आठवत नाही. खालची सगळी तयारी त्या एका मिनिटासाठी आहे, आणि कोणाच्या तब्येतीला, अब्रूला किंवा नोकरीला धक्का लागू नये यासाठी.

मागणी अंगाला शोभली पाहिजे

काहीतरी हिसकावून घेतलं गेलंय, असा विषय असेल तरच सदरा उतरवा. रस्त्यावरचे खड्डे, रोहित्र जळालं, शिक्षकाची बदली, यासाठी धरणं पुरेसं आहे. सरकार खर्चाला कात्री लावतं आणि ती थेट शेतकऱ्याच्या अंगावर चालते, तिथं हा मोर्चा बोलतो. पीकविम्याचंच घ्या. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा सुरू झाला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के झाला. त्यापेक्षा मोठा घाव वेगळाच आहे. पेरणीच न होणं, हंगामाच्या मधली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचं नुकसान, हे भरपाईचे चारही आधार काढून भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर (काही शेतं कापून उतारा मोजण्यावर) ठेवली गेली. म्हणजे सोंगून ठेवलेला सोयाबीनचा ढीग पावसात सडला, तरी महसूल मंडळाचा सरासरी उतारा ठीक निघाला की हाती शून्य. हे एका ओळीत सांगता येतं आणि उघड्या अंगाशी जुळतं.

मागण्या दोनच ठेवा, आणि त्या दोन पातळ्यांवरच्या ठेवा. एक मुंबईची: विम्यातले चार आधार परत आणा. दुसरी तहसीलदाराच्या हातातली: राहिलेले पंचनामे अमुक तारखेपर्यंत करा, किंवा पैसेवारी (गावच्या पिकाचा सरकारी अंदाज) वस्तुस्थितीला धरून काढा. बहुतेक मोर्चे इथं फसतात. सगळ्या मागण्या धोरणाच्या असल्या की तहसीलदार निवेदन घेतो, "वर पाठवतो" म्हणतो आणि विषय संपतो. त्याच्या सहीनं होणारं एक काम समोर ठेवलं तर त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. पैसेवारीचा मुद्दा असेल तर या तारखांच्या आधी जा. तारीख उलटल्यावर गेलात तर गर्दी कितीही असो, हाती काही लागत नाही.

या मोर्च्याआधी साधं निवेदन आणि एक दिवसाचं धरणं झालेलं असलं पाहिजे, त्यांच्या पोचपावत्या हातात पाहिजेत. पहिल्याच दिवशी कपडे उतरवले तर पुढं चढवायला पायरी उरत नाही. एका तालुक्यात वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा हा मोर्चा काढू नका. दुसऱ्यांदा कोणी वळून बघत नाही.

अर्धं उतरवा, पूर्ण कधीच नाही

कमरेच्या वर उघडं, खाली गुडघ्यापर्यंत पूर्ण वस्त्र. ही रेघ ओलांडू नका. पुरुषाचं उघडं अंग आपल्याकडे शेतात, आखाड्यात, विहिरीवर रोज दिसतं, त्यात कोणाला अश्लील वाटत नाही. पूर्ण नग्न झाल्यावर मात्र गोष्ट पालटते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही) लावायला पोलिसांना कारण मिळतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० (सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन) वेगळंच. वर्तमानपत्र फोटो पुसट करून छापतं आणि गावातल्या बाया मोर्च्यापासून दूर होतात.

तामिळनाडूच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरवर चाळीसएक दिवस ठाण मांडलं होतं. कवट्या मांडल्या, नाना प्रकारे लक्ष वेधलं, आणि एप्रिलमध्ये काही जण पंतप्रधान कार्यालयाजवळ पूर्ण नग्न धावले. ती चित्रं देशभर गेली. पण त्यांना दुष्काळासाठी नेमकं काय पाहिजे होतं, हे ती चित्रं पाहणाऱ्यातल्या किती जणांना आज सांगता येईल, याचा विचार करा. कॅनडातल्या क्युबेकमध्ये २०१२ साली फीवाढीविरुद्ध विद्यार्थ्यांनी कपडे उतरवून मोर्चे काढले. तिथं लाल चौकोन ही त्या लढ्याची खूण होती आणि अंगावरही तोच लाल रंग होता. त्यामुळे बघणाऱ्याला अंग आणि मागणी एकत्रच दिसली. सप्टेंबरमध्ये नवं सरकार आलं आणि फीवाढ मागे गेली. ती काही उघड्या अंगामुळे गेली नाही, महिनोन्‌महिने चाललेल्या विद्यार्थी संपामुळे गेली. अंग उघडं करणं हा त्या संपाचा छोटासा भाग होता. आपणही त्याला तेवढंच वजन द्यावं.

आणि आपल्याला तर लांब जायचीही गरज नाही. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला सदरा-टोपी सोडून पंचा धरला आणि पुढं तेच अंग घेऊन सेवाग्रामला येऊन राहिले. विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी कपड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

बायांबद्दल एक स्पष्ट बोललं पाहिजे. मणिपूरमध्ये १५ जुलै २००४ रोजी बारा महिलांनी कांगला किल्ल्यासमोर विवस्त्र होऊन निदर्शनं केली. तो निर्णय त्यांचा होता, त्यांच्या दुःखातून आलेला. कोण्या पुरुष पुढाऱ्यानं बायांना असं सुचवणंही गैर आहे. आपल्या मोर्च्यात बाया सगळ्यात पुढं, पूर्ण कपड्यात, फलक धरून चालतील. घरधन्याचा सदरा घडी करून हातावर घेतलेली बाई उघड्या अंगाच्या पन्नास पुरुषांइतकीच बोलते. अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर मात्र बंद करा. सोबत चालणाऱ्या बायांचाच तो अपमान आहे.

कोण उतरवेल, कोण नाही

दोनशे माणसं जमत असतील तर पन्नास ते साठ जणांनी सदरे उतरवणं पुरे. तीसच्या खाली संख्या गेली तर रुंद रस्त्यावर ती विरळ दिसते. तेव्हा मोर्चा न काढता तहसीलच्या फाटकाशी दाटीनं बसा.

अठरा वर्षांखालचं पोर रांगेत नको. बापाच्या बोटाला धरूनही नको. पोलीस भरती, सैन्य किंवा इतर सरकारी नोकरीची तयारी करणारी पोरंही नकोत. गुन्हा दाखल झाला तर चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. त्यांना आग्रह करू नका, गावातल्या मित्रांनाही करू देऊ नका. हृदयाचा त्रास, ताजं ऑपरेशन, साखरेच्या आजारातली न भरलेली जखम, फवारणीनं आलेली अंगावरची पुरळ, असं काही असेल त्यानं सदऱ्यातच चालावं. प्रत्येकाला आदल्या दिवशी एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत विचारलं तर लाजेपोटी हो म्हणतात आणि चौकात आल्यावर मागे सरकतात.

कागद

मोर्च्याच्या सात-आठ दिवस आधी तहसीलदार आणि ठाणेदार, दोघांना निवेदन द्या. प्रत उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. त्यात मार्ग, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, तीन जबाबदार माणसांची नावं आणि फोन लिहा. "अर्धनग्न" हा शब्द लपवू नका. सरळ लिहा: "सहभागी पुरुष कमरेच्या वर सदरा उतरवतील, खाली पूर्ण वस्त्र असेल." नंतर अश्लीलतेचा आरोप झाला तर हेच वाक्य तुमच्या बाजूनं उभं राहतं.

जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) ची जमावबंदी सणवार किंवा निवडणुकीच्या आसपास बऱ्याचदा लागू असते. ठाण्यात विचारून घ्या. असेल तर लेखी परवानगी लागते, आणि तिच्याविना निघालात तर कलम १३५ खाली गुन्हा होतो. बहुधा मोर्च्याच्या आदल्या संध्याकाळी पुढाऱ्याच्या घरी प्रतिबंधक नोटीस येते. ती म्हणजे अटक नव्हे. सही करून प्रत घ्या आणि फायलीत लावा. भोंग्यासाठी लेखी परवानगी वेगळी काढावी लागते. दवाखाना, शाळा आणि कोर्टाच्या १०० मीटरच्या आत तो बंद. डफडं असेल तर भोंग्याची फारशी गरजही पडत नाही.

दिवस निवडताना तहसीलदार जागेवर असेल हे बघा. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, त्या दिवशी अधिकारी सहसा कार्यालयात सापडतात. शनिवारी कार्यालय बंदच. आठवडी बाजाराचा दिवस मोहात पाडतो, गर्दी आयती मिळते. पण रस्ता तुंबतो आणि भाजीवाल्या बायांचं नुकसान होतं. तो टाळा.

कपडे, गाठोडी आणि कमरेची नाडी

सदरे घरून उतरवून निघू नका. गावातून, एसटीतून, बाजारातून पूर्ण कपड्यात या. तहसीलपासून दोनशे-तीनशे मीटरवर, शाळा-कॉलेज नसलेल्या मोकळ्या जागी थांबा आणि एका शिट्टीवर सगळ्यांनी एकाच वेळी सदरा डोक्यावरून काढा. पन्नास हात एकदम वर जातात, सगळ्यात बोलका फोटो तोच. एकेकानं सावकाश काढला तर तो क्षण वाया जातो. म्हणून गुंड्या आधीच सोडून ठेवायला सांगा.

सदरा उतरला की खिसा गेला, हे फार जण विसरतात. फोन, पैसे, आधार कार्ड, चष्मा, गोळ्या सगळं त्या खिशात असतं. निघतानाच खिसे रिकामे करायला लावा. वीस माणसांमागे एक स्वयंसेवक आणि एक धुतलेलं बारदान. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा: नाव, गाव, गटाचा क्रमांक. वकिलाचा फोन नंबर प्रत्येकाच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, साध्या बॉलपेननं लिहा. सदऱ्यांची बारदानं एका गाडीत ठेवा आणि त्या गाडीच्या चालकाला एकच काम द्या: पोलिसांनी लोकांना उचललं तर व्हॅनच्या मागोमाग ठाण्यात जायचं. डिसेंबरच्या रात्री उघड्या अंगानं ठाण्याच्या फरशीवर बसलेला साठीचा माणूस आजारी पडतो, तो निव्वळ ही गाडी नसल्यामुळे.

खालचं वस्त्र सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्यापर्यंतची, घट्ट नाडीची चड्डी किंवा पायजामा. नुसता टॉवेल किंवा लुंगी चालणार नाही. धोतर नेसणारे म्हातारे असतील तर आत नाडीची चड्डी आणि वरून कासोटा पक्का. याचं कारण साधं आहे. रस्त्यावर बसलेल्या माणसाला पोलीस दोन्ही हातापायांना धरून उचलतात, तेव्हा कंबर खाली लोंबते आणि सैल वस्त्र सुटतं. त्या माणसाची जन्मभराची अब्रू जाते, आणि ठरवलेला अर्धनग्न मोर्चा कागदावर नग्न होतो. निघण्याआधी प्रत्येकाची नाडी ओढून बघा, यात लाजण्यासारखं काही नाही. पायात चपला ठेवा. मार्च संपला की दुपारच्या डांबरावर अनवाणी पायाला फोड येतात.

अंगावर लिहायचं ते

एका छातीवर एक अक्षर, तेवढंच. "पी क वि मा" याला चार माणसं लागतात, "क र्ज मा फी" यालाही चार. लांब वाक्यं अंगावर लिहू नका, दहा पावलांवरून वाचता येत नाहीत. अक्षर एक वीतभर उंच, रेघ दोन बोटं जाड. जोडाक्षर आणि रफार आधी कागदावर काढून बघा. चालताना हात हलले की खांद्याजवळचा रफार झाकला जातो, म्हणून अक्षर छातीच्या मधोमध, थोडं खाली घ्या.

क्रम समोरच्या माणसाच्या डोळ्यांनी लावा. तुम्ही रांगेत उभे असता तेव्हा "पी" वाला तुमच्या उजव्या टोकाला असतो, कारण बघणाऱ्याचं ते डावं टोक. रांगेतल्यांना आपल्या बाजूनं लावू दिलं की हमखास "मा वि क पी" छापून येतं. पाठीवरही तेच अक्षर लिहिलं तर मागून शब्द उलटा दिसतो. म्हणून पाठ कोरी ठेवा किंवा मागच्या रांगेला वेगळा शब्द द्या.

रंग कोणता, यावर हयगय नको. गेरू पाण्यात घट्ट कालवून, किंवा शाळेतला पोस्टर कलर. दोन्ही साबणानं निघतात. चुना नको, घामात तो कातडी भाजतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावलेला रंग बऱ्याच घरी उरलेला असतो आणि पोरं हटकून तोच आणतात. तो तेलरंग आहे, काढायला रॉकेल-थिनर लागतं आणि छातीवर चट्टे उठतात. पक्का मार्करही नको. गेरू घामानं अर्ध्या-पाऊण तासात ओघळतो, तेव्हा शेवटच्या थांब्यावरच, सदरा काढल्यावर लगेच रंगवा. छातीवर दाट केस असतील तर अक्षर बसत नाही. त्याला पुठ्ठ्याचा फलक द्या.

ऊन, थंडी, पाणी

एप्रिल-मेमध्ये हा मोर्चा काढूच नका. विदर्भात पारा ४५ च्या आसपास जातो आणि उघड्या अंगाला उष्माघात लवकर होतो. सोयीचा काळ म्हणजे पोळ्यानंतर सोयाबीन सोंगणीच्या आधी, आणि जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा. अर्थसंकल्पाचं अधिवेशन मार्चमध्ये असतं, त्यामुळे खर्चकपातीविरुद्धच्या मागणीला हा दुसरा काळ जास्त चांगला. डिसेंबरात नागपूरला अधिवेशनावर जायचं असेल तर तिथले मोर्चे यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि पोलीस ते विधानभवनाच्या अलीकडेच अडवतात. तिथं तासन्‌तास थांबावं लागतं आणि सूर्य मावळला की हवा एकदम उतरते. चार वाजता सदरे परत चढवा.

तीन तासांच्या कार्यक्रमाला माणशी किमान दोन लिटर पाणी धरा. शंभर माणसांना वीस लिटरचे दहा जार, आणि दोन जास्तीचे. दर जारसोबत ओआरएसच्या पुड्या ठेवा, एक पुडी एक लिटरला. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, यापेक्षा जास्त मीठ नाही. चक्कर, उलटी, बोलण्यात गोंधळ, अंग तापलेलं, असं दिसलं की माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी टाका, वारा घाला आणि थेट ग्रामीण रुग्णालयात हलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. १०८ चा नंबर सगळ्या स्वयंसेवकांना पाठ पाहिजे.

चौकात आणि फाटकावर

पत्रकारांना आदल्या दिवशी नेमकी वेळ आणि नेमकी जागा सांगा: "१०.४५, जुन्या पाण्याच्या टाकीजवळ, सदरे तिथं उतरतील." दुपारनंतरचा कार्यक्रम जिल्हा पानाला उशिरा पोचतो. स्वतःचे दोन फोनवाले ठेवा. एक ट्रॉलीवर उंच, एक समोर. फोटो पाठवताना मागणीचं एक वाक्य सोबत पाठवा, नाहीतर फोटो एकटाच फिरतो.

घोषणा मागणीच्याच असाव्यात. अधिकाऱ्याच्या घरच्या बायकांवरून शिवी गेली की गुन्हा वेगळा आणि सहानुभूती गेली. महिला पोलीस किंवा महिला कर्मचारी समोर असतील तर दहा पावलं अंतर राखा. फाटकावर ढकलाढकली टाळा. सरकारी कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लागला की न्याय संहितेचं कलम १३२ लागतं, आणि ते बाकी सगळ्या कलमांपेक्षा जड आहे.

आत पाच जणांचं शिष्टमंडळ जाईल, त्यात किमान दोन बाया, आणि पुरुषांनी आत जाण्याआधी सदरे घालायचे. काहींना हे माघार घेतल्यासारखं वाटतं. तसं नाही. उघड्या अंगानं गेलात तर "महिला कर्मचारी आहेत" म्हणून भेट नाकारायला निमित्त मिळतं, आणि बाकीची पन्नास माणसं फाटकावर तशीच बसलेली असतातच. तोंडी आश्वासन घेऊन उठू नका. पंचनाम्यासाठी तारीख लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. धोरणाच्या मागणीसाठी, ती वर पाठवल्याच्या पत्राची प्रत आणि जावक क्रमांक मागा. आठ दिवसांत जावक क्रमांक मिळाला नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पोलिसांनी ताब्यात घेतलं तर खरं नाव, खरा पत्ता सांगा. अटक दाखवली असेल तर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. बहुतेक वेळा संध्याकाळी नोटीस देऊन सोडतात. प्रत्येक जण सुटेपर्यंत एक माणूस ठाण्याबाहेर यादी घेऊन बसलेला असावा, आणि सगळ्यात शेवटी त्यानं हलावं.

गुन्हा दाखल झाला तर प्रथम खबरी अहवालाची प्रत, नोटिसा, निवेदनाची पोच आणि तो दिवसभराचा व्हिडिओ एका फायलीत ठेवा. राजकीय-सामाजिक आंदोलनातले खटले मागे घ्यायचा निर्णय शासन वेळोवेळी काढतं. तेव्हा जीवितहानी झालेली नाही आणि मालमत्तेचं मोठं नुकसान झालेलं नाही, हे दाखवावं लागतं. ज्यांच्याकडे कागद असतात त्यांचीच नावं जिल्ह्याच्या समितीपुढं वेळेत जातात, त्यामुळे ही फाईल पुढाऱ्याच्या घरी न ठेवता तिच्या तीन प्रती तीन गावांत ठेवा.